‘मस्ट नॉट’ म्हणजे काय? मुलांचे मोडल शब्द आणि घरातली शिकवणी

आमची भाची सहावीत शिकते. गेल्या वर्षी तिने शाळेच्या सहलीची नोटीस घरी आणली. शाळा सेमी-इंग्रजी, त्यामुळे नोटीस इंग्रजीत होती. त्यात दोन वाक्ये महत्त्वाची होती : ‘स्टुडंट्स मस्ट नॉट ब्रिंग मोबाइल फोन्स. दे नीड नॉट ब्रिंग लंच.’ तिच्या अम्मीचे शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत झालेले. तिने लेकीलाच अर्थ विचारला. मुलीने शब्दाला शब्द जोडून सांगितले, “मस्ट म्हणजे पाहिजे, नॉट म्हणजे नाही. मोबाइल आणलाच पाहिजे असे नाही. आणि डबा आणायचा नाही.”

अम्मीने विचार केला, आणलाच पाहिजे असे नाही, म्हणजे आणला तर चालेल. मुलगी दिवसभर लांब जाणार, काळजी वाटते, म्हणून तिने आपला फोन दप्तरात घातला. डब्याला मात्र बंदी आहे समजून बिस्किटाचा पुडाही दिला नाही. सहलीत फोन जप्त झाला. दुसऱ्या दिवशी अम्मीला शाळेत बोलावले आणि सगळ्यांसमोर विचारले, “नोटीस वाचली नव्हती का?” ती काहीच बोलली नाही. नोटीस तर वाचली होती, दोघींनी मिळून, दोनदा. घरी येऊन ती आम्हाला म्हणाली, “आपा, आता तिच्या अभ्यासाला मी हातच लावणार नाही.”

हे वाक्य आम्हाला फार लागले. कारण चूक त्या माउलीची नव्हती आणि मुलीचीही नव्हती. ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ एवढेच पाठ केले की कोणीही हीच चूक करील. आणि ज्या गोष्टीवरून ती अडली, ती गोष्ट तिला स्वतःला लहानपणापासून उत्तम ठाऊक होती. फक्त इंग्रजीच्या कपड्यांत तिने ती ओळखली नाही. म्हणून या अंकात कॅन, मे, मस्ट, शुड या छोट्या शब्दांविषयी लिहीत आहोत. इंग्रजी येणाऱ्या पालकांसाठी तर हे आहेच. पण ज्या माता ‘मला कुठे इंग्रजी येते’ म्हणून बाजूला बसतात, त्यांच्यासाठी विशेष आहे.

हे शब्द करतात तरी काय?

शाळेत यांना ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणतात. मुख्य शब्द नऊ : कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. त्यांच्या जोडीला ‘नीड’, ‘डेअर’ आणि ‘ऑट टू’ येतात. ‘गो’ म्हणजे जाणे. जाणे ही झाली क्रिया. पण ते जाणे जमते का, त्याला परवानगी आहे का, ते भाग आहे का, की नुसती शक्यता आहे, हे सांगायचे काम ‘गो’च्या आधी येणारा हा छोटा शब्द करतो.

मराठीत हे काम बहुतेक क्रियापदाच्या शेवटी होते. जाता येते, जावे, जायलाच पाहिजे, जावे लागते, जाईल, जाऊ नये. आपण वाक्य शेवटपर्यंत ऐकतो तेव्हा भाव कळतो. इंग्रजीत तो भाव क्रियेच्या आधीच कळतो. ‘यू मस्ट’ म्हटले की पुढचे क्रियापद ऐकण्याआधीच सक्ती आहे हे समजते. मुलांना एवढे एक सांगितले तरी अर्धे काम होते : भाव ओळखायचा असेल तर क्रियापदाच्या आधी बघा.

दुसरी अडचण अशी की आपले शब्द एकाच वेळी अनेक कामे करतात. ‘शकणे’ घ्या. ‘तो पोहू शकतो’ यात जमणे आहे. ‘तू आता जाऊ शकतोस’ यात परवानगी आहे. ‘आज पाऊस पडू शकतो’ यात शक्यता आहे. ‘पाहिजे’चेही तसेच. ‘मला पाणी पाहिजे’ ही गरज झाली आणि ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ हे कर्तव्य झाले. उर्दूत ‘सकना’ आणि ‘चाहिए’ यांची तीच गत. दखनी बोलणाऱ्या घरात तर ‘मेरेकू पानी होना’ म्हणतात. म्हणून मूल घरात कोणतीही भाषा बोलो, एका शब्दाला एक अर्थ चिकटवून चालत नाही. त्याऐवजी त्याला चार प्रश्न विचारायला शिकवावे : जमते का? परवानगी आहे का? करणे भाग आहे का? घडेल का?

मकतबातला धडा इथे कामी येतो

आता त्या नोटिशीकडे येऊ. आपल्या मुलांना मकतबात फर्ज, सुन्नत, जायज, मकरूह आणि हराम यांतला फरक शिकवतात. आठ-नऊ वर्षांचे मूलही सांगते की फजरची दोन रकात फर्ज सोडता येत नाही आणि मिसवाक करणे सुन्नत आहे. हीच पायरी इंग्रजीला लावून बघा.

करणे भागच आहे, तिथे ‘मस्ट’. ‘वी मस्ट प्रे फाइव्ह टाइम्स अ डे.’

करणे चांगले आहे, करायला हवे, तिथे ‘शुड’. ‘यू शुड यूज अ मिसवाक.’

करण्यास हरकत नाही, तिथे ‘मे’. ‘यू मे ईट विथ अ स्पून.’

न केलेले बरे, तिथे ‘शुड नॉट’. वुजू करताना नळ सोडून ठेवणाऱ्या मुलाला म्हणावे, ‘यू शुड नॉट वेस्ट वॉटर.’

करायचेच नाही, तिथे ‘मस्ट नॉट’. ‘वी मस्ट नॉट टेल लाइज.’

आणि सहाव्या जागी येते ती सहलीच्या डब्याची गोष्ट. जे करणे भाग नाही, पण केले तर मनाईही नाही, तिथे ‘नीड नॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव टू’. रमजानचे उदाहरण घ्या. सात वर्षांच्या मुलावर रोजा फर्ज नाही. ‘अ लिटल चाइल्ड नीड नॉट फास्ट.’ तरी हौसेने एखादा रोजा ठेवला तर घरात कौतुकच होते, नातेवाईक रोजाकुशाईला येतात. पण ईदच्या दिवशी? त्या दिवशी रोजा ठेवायचाच नाही. ‘वी मस्ट नॉट फास्ट ऑन ईद डे.’ फर्ज नसणे वेगळे आणि मनाई असणे वेगळे. आपल्या घरातले लेकरूसुद्धा या दोहोंत गफलत करणार नाही.

भाचीच्या अम्मीला आम्ही एवढेच विचारले, “सात वर्षांच्या पोराचा रोजा आणि ईदच्या दिवसाचा रोजा, दोन्ही सारखेच का?” ती हसली. म्हणाली, “म्हणजे डबा लहान पोराच्या रोजासारखा आणि मोबाइल ईदच्या रोजासारखा!” व्याकरणाच्या पुस्तकात यापेक्षा सोपे स्पष्टीकरण आम्ही वाचलेले नाही.

असे का होते, तेही बघू. ‘मस्ट नॉट ब्रिंग’ यात ‘नॉट’ हा ‘ब्रिंग’ला लागतो : न आणणे भाग आहे. सक्ती तशीच कायम राहते, फक्त ती आता न करण्याची होते. ‘नीड नॉट ब्रिंग’ यात मात्र गरजच पुसली जाते : आणण्याची गरज नाही. मराठीत पहिल्यासाठी ‘आणू नये’ किंवा ‘आणायचा नाही’ म्हणा आणि दुसऱ्यासाठी ‘आणायची गरज नाही’ म्हणा. मुलांच्या वहीत ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून द्या.

एका शब्दाने किती फरक पडतो, हे आपल्या घरांतही दिसते. ईशानंतरची वित्र हनफी मसलकात वाजिब आहे, शाफई मसलकात ती ताकीद असलेली सुन्नत आहे. घाटावरचे हनफी अब्बा इंग्रजीत सांगतील तर ‘मस्ट’ म्हणतील आणि कोकणातली शाफई नानी ‘शुड’ म्हणेल. दोघेही वित्र पढतात. फरक आहे तो त्या एका शब्दाचा. अर्थात हे सारे भाषा समजावण्यापुरते आहे. दीनचे मसाइल आलिमांनाच विचारावेत, ते इंग्रजीच्या वहीतून ठरवू नयेत.

चाँदरातीची शिडी

आता चौथा प्रश्न : घडेल का? इथे मुले फार गोंधळतात, कारण ‘मस्ट’ पुन्हा भेटतो आणि त्याचा अर्थ बदललेला असतो. त्यासाठी रमजानचे शेवटचे दिवस आठवा.

अठ्ठावीसावा रोजा आहे. धाकटा विचारतो, उद्या ईद का? नाही. चांद्र महिना २९ किंवा ३० दिवसांचाच असतो, उद्या ईद होणेच शक्य नाही. ‘टुमॉरो कान्ट बी ईद.’

एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ झाली. आकाशात ढग आहेत, चाँद दिसेल असे वाटत नाही, तरी आशा आहे. ‘टुमॉरो माइट बी ईद.’ थोड्या वेळाने ढग सरकतात, गच्चीवर गर्दी होते. आता आशा जरा वाढली : ‘टुमॉरो मे बी ईद.’ मे आणि माइट यांत अंतर थोडेच आहे. माइट थोडा अधिक डळमळीत, एवढे मुलांना पुरे.

तेवढ्यात खालच्या गल्लीत एकमेकांना मुबारकबाद देण्याचा आवाज येतो. आपण चाँद पाहिलेला नाही, एलानही ऐकलेले नाही, पण खुणा पाहून मन म्हणते, नक्कीच दिसला असणार. ‘टुमॉरो मस्ट बी ईद.’ इथे ‘मस्ट’ म्हणजे सक्ती नव्हे. खुणांवरून काढलेला पक्का अंदाज आहे. मराठीतल्या ‘असणारच’सारखा. आणि मशिदीतून एलान झाले की मोडलची गरजच उरत नाही : ‘टुमॉरो इज ईद.’

कान्ट, माइट, मे, मस्ट, इज. एका शिडीच्या पाच पायऱ्या. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की अंदाजाच्या ‘मस्ट बी’ची उलट बाजू ‘कान्ट बी’ आहे. ‘मस्ट नॉट’ तिथे बसत नाही.

ही शिडी रोजच्या वाचनातही कामाला येते. औषधाच्या कागदावर ‘मे कॉज ड्राउझिनेस’ लिहिलेले असते. म्हणजे झोप येऊ शकते, येईलच असे नाही. हे न कळल्यामुळे कोणी घाबरून औषध बंद करते, तर कोणी तिकडे दुर्लक्ष करून स्कूटर चालवायला निघते. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मे कंटेन नट्स’ असते : शेंगदाणे-बदाम यांचा अंश असू शकतो. ज्या मुलाला त्यांची अॅलर्जी आहे, त्याच्या आईसाठी हा ‘मे’ फार मोठा शब्द आहे.

‘आप’ नसलेल्या भाषेत अदब

आपण मुलांना पहिली गोष्ट शिकवतो ती अदब. उर्दूत तू, तुम, आप आहे. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच ‘यू’. मित्रालाही यू, हेडमास्तरांनाही यू. मग मान द्यायचा कुठे? तो मान बऱ्याच वेळा या मोडल शब्दांतच असतो.

आपले मूल मराठीत “सर, खिडकी उघडा ना” म्हणते. ‘उघडा’मध्येच आदर आला. त्याचे सरळ भाषांतर ‘सर, ओपन द विंडो’ केले तर तो हुकूम होतो. मूल उद्धट नसते. त्याचा आदर वाटेत सांडून जातो. म्हणून शिकवावे : ‘कुड यू ओपन द विंडो, प्लीज?’ किंवा ‘वुड यू ओपन द विंडो, प्लीज?’ स्वतःसाठी परवानगी मागताना ‘मे आय कम इन?’ मित्राकडे पेन्सिल मागताना ‘कॅन आय टेक युवर पेन्सिल?’ चालते, मोठ्यांपुढे ‘मे आय’ किंवा ‘कुड आय’ शोभते.

कुड हे कॅनचे आणि वुड हे विलचे भूतकाळी रूप. पण ‘कुड यू’ म्हणताना भूतकाळाचा काही संबंध नसतो. बोलणे एक पाऊल मागे सरकवून नरम केलेले असते. आपणही म्हणतो, “जरा विचारायचं होतं.” विचारायचे आत्ताच असते, पण ‘होतं’ म्हटल्याने बोलण्याला नरमाई येते. मुलांना हे उदाहरण चटकन पटते.

‘विल’विषयीही एक सांगू. ‘आय विल कम टुमॉरो’ यात बेत आहे, वचन आहे. उद्याच्या कामाविषयी बोलताना अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख करावा, ही शिकवण सूरह कहफमध्ये आहे. मुलांना ‘आय विल कम टुमॉरो, इन्शा अल्लाह’ असेच वाक्य द्या. मात्र इन्शा अल्लाह म्हणजे ‘मे’ नव्हे. ज्याने ‘विल’ म्हटले त्याने आपल्या बाजूने वचन पाळायचे आहे, हेही त्याच वेळी सांगा.

चार नियम, चार चुका

अर्थ समजला की नियम थोडेच उरतात.

पहिला : या शब्दांना ‘एस’ची शेपूट लागत नाही. ‘ही प्लेज’ बरोबर, पण ‘ही कॅन्स’ चूक. ‘ही कॅन प्ले’, ‘शी मस्ट गो’. हे शब्द फार जुने आहेत. जुन्या इंग्रजीत ‘कॅन’चा अर्थ ‘जाणणे’ असा होता, ‘शॅल’चा ‘देणे लागणे’ आणि ‘विल’चा ‘इच्छिणे’. कॅन, शॅल यांसारख्या शब्दांची वर्तमानकाळाची रूपे मुळात भूतकाळाची होती, त्यामुळे ही शेपूट त्यांना कधी लागलीच नाही. आणि ‘कुड’च्या स्पेलिंगमधला ‘एल’ उच्चारात का येत नाही, असे मुलांनी विचारले तर सांगा की तो मुळात नव्हताच. शुड आणि वुड यांच्या देखादेखी नंतर घातला गेला.

दुसरा : यांच्यानंतर क्रियापद मूळ रूपात येते आणि मध्ये ‘टू’ येत नाही. ‘यू मस्ट टू गो’ चूक, ‘यू मस्ट गो’ बरोबर. ‘ऑट टू’ तेवढा अपवाद.

तिसरा : प्रश्नासाठी ‘डू’ बोलवायचा नाही. ‘डू यू कॅन स्विम?’ चूक. मोडल शब्द पुढे आणा : ‘कॅन यू स्विम?’

चौथा : दोन मोडल शेजारी बसत नाहीत. ‘आय विल कॅन कम’ चूक, ‘आय विल बी एबल टू कम’ बरोबर. आपल्याकडे मोठी माणसेही ‘आय कॅन एबल टू’ बोलतात. त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. ‘आय कॅन’ म्हणा किंवा ‘आय अॅम एबल टू’ म्हणा.

शिवाय सक्तीच्या ‘मस्ट’ला भूतकाळ नाही. काल जावे लागले, हे सांगायला ‘हॅड टू’ वापरतात : ‘आय हॅड टू गो.’

घरी काय करता येईल?

यासाठी वेगळी शिकवणी लावायची गरज नाही. रोज दहा मिनिटे पुरतात.

दस्तरखानवर बसल्यावर एक नियम करा. मीठ, पाणी, लोणचे जे हवे ते ‘मे आय हॅव’ किंवा ‘कुड यू पास’ म्हणून मागायचे. दादी-दादांनाही खेळात घ्या. त्यांनी मराठीत किंवा उर्दूत उत्तर दिले तरी चालेल.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. मस्ट, शुड, मे, नीड नॉट, शुड नॉट, मस्ट नॉट अशा सहा चिठ्ठ्या करून सहा वाट्यांत ठेवा. अम्मीने मराठीत घरातली एखादी गोष्ट सांगायची : “गॅसला हात लावायचा नाही”, “आज सुट्टी, लवकर उठायची गरज नाही”, “खालाकडे खेळायला जायला हरकत नाही.” मुलाने वाटी ओळखायची आणि वाक्य इंग्रजीत करायचे. या खेळात निवाडा अम्मीचा असतो, कारण कोणती गोष्ट भाग आहे आणि कोणती नाही, हे घरात तीच ठरवते. इंग्रजी तिला यायलाच हवे असे नाही.

तिसरे काम वाचनाचे. आठवड्यातून एकदा शाळेची नोटीस, औषधाचे खोके किंवा खाऊचा पुडा घ्या आणि हे शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ मारा. परीक्षेच्या पेपरवरच्या सूचनाही अशाच वाचायला शिकवा. एखाद्या पेपरवर ‘यू मे’ असते, तिथे मुभा असते. ‘यू मस्ट’ असते, तिथे ते न केल्यास गुण जातात.

सोडवून पाहा

मुलांना हे सहा प्रसंग द्या आणि योग्य शब्द निवडायला सांगा :

१. रस्ता ओलांडताना धावायचे नाही.
२. उद्या रविवार, गणवेश घालायची गरज नाही.
३. बाईंना वर्गात येण्याची परवानगी विचारायची आहे.
४. अब्बांचे बूट दाराशी आहेत, म्हणजे ते घरात असणारच.
५. आजारी शेजाऱ्याला भेटायला जायला हवे.
६. आपा पाच वर्षांची होती तेव्हा तिला पोहता येत होते.

उत्तरे : १. मस्ट नॉट. २. नीड नॉट. ३. मे. ४. मस्ट. ५. शुड. ६. कुड.

या वर्षी शाळेची नोटीस पुन्हा आली. भाचीने ती वाचायला घेतली आणि ‘मस्ट’पाशी थांबून अम्मीकडे पाहिले. अम्मीने स्वयंपाकघरातूनच विचारले, “पुढे नॉट आहे का बघ. असेल तर ईदचा रोजा.” आता तीच म्हणते की अभ्यासाला मी रोज बसते. ज्या मातांनी शाळेत एक बोलणे ऐकून वह्या मिटून ठेवल्या आहेत, त्यांनी त्या पुन्हा उघडाव्यात. मुलांना शब्द शाळा देईल, त्यांतला फरक तुम्ही द्या. अल्लाह आपल्या लेकरांना नफा देणारे इल्म देवो. आमीन.